फरशीखाली कोंडलेले संडासाचे टाके

मित्रांनो, माझे नाव ऐकले की तुम्ही नाक धराल, हे मला ठाऊक आहे. धरा बापडे, पण कान तेवढे मोकळे ठेवा. बोरी अरबच्या सदाशिवरावांच्या परसात, जमिनीखाली, मी संडासाचे टाके म्हणून गेली अकरा वर्षे राबत आहे. तुम्ही बादलीभर पाणी ओतून जे विसरून जाता, ते सगळे माझ्याकडे येते.

माझा जन्म १९५८ सालचा. सदाशिवराव सरकारी ओव्हरसिअर होते. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा घरात टोपलीचा संडास होता. जमनी नावाची बाई रोज सकाळी मागच्या दाराने येई, भरलेली टोपली डोक्यावर घेई आणि गावाबाहेर नेऊन रिकामी करी. पावसाळ्यात तिच्या मानेवरून काय ओघळत असेल, ते मी सांगत नाही.

मला बांधणारा गवंडी भीमराज. दोन वर्षांपूर्वी तो नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आला होता, आणि तिथेच एका वसतिगृहाच्या बांधकामावर अशी टाकी बांधायला शिकला होता. शेवटची वीट बसवून तो जमनीला म्हणाला, "आता तुही टोपली सुटली, बाई." जमनी पुढे आली. पदर सावरून माझ्यात वाकून पाहत राहिली. मित्रांनो, इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

माझ्या पोटात दोन खण आहेत. पहिल्या खणात मैला येतो. जड ते खाली गाळ होऊन बसते, हलके ते वर सायीसारखे तरंगते आणि मधले पाणी भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या खणात जाते. तिथून ते विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात उतरते आणि जमिनीत मुरते. खरे काम करतात ते माझ्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना हवा लागत नाही, उजेड लागत नाही. मैला खाऊन ते त्याचे पाणी आणि वायू करतात. म्हणून तर भीमराजने पहिल्या दिवशी माझ्यात दोन घमेली शेणकाला ओतला होता. दुधाला विरजण लावतात ना, तसेच. वायू बाहेर जावा म्हणून त्याने छपरापेक्षा उंच नळ उभा केला आणि बजावले, "साहेब, हा नळ काढू नका. दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडून गाळ काढा, थोडा बुडाशी राहू द्या. काम सुरू राहाले तो लागते."

पहिले वर्ष मोठे कौतुकाचे गेले. बाजाराच्या दिवशी दारव्ह्याकडची माणसेसुद्धा मला पाहायला येत. सदाशिवराव नळाकडे बोट दाखवून समजावून सांगत आणि मी आत फुगून जाई.

पण घरात एक जुनी सवय होती. टोपलीच्या संडासात वास मारायला चुलीची राख टाकतात. टोपली गेली तरी सदाशिवरावांच्या पत्नी कौसल्याबाईंनी राखेचा डबा काही हलवला नाही. घरातला प्रत्येक जण उठताना मूठभर राख टाकायचा, वर पाणी ओतायचा आणि स्वच्छता पाळल्याच्या समाधानाने बाहेर यायचा. आता राख काही कुजत नाही. माझे जीव ती खाऊ शकत नाहीत. ती मूठमूठ बुडाशी बसत गेली, आणि त्या बिचाऱ्या जिवांना जागाच उरेना. माझा वास यायला लागला. वास आला म्हणून घरच्यांनी राख वाढवली. शहाण्या माणसांचे हे असे असते.

मग शेजारी कुरकुरले. नळ हळदीकुंकवाच्या बायकांना दिसतो, म्हणून कौसल्याबाईंनी धोशा लावला. एके दिवशी सदाशिवरावांनी नळ कापला, तोंडात चिंध्या कोंबून वरून सिमेंट लावले, आणि माझ्या झाकणासकट सगळ्या परसावर शहाबादी फरशी बसवून घेतली. मागचे अंगण सुरेख दिसू लागले, म्हणे. मला कसे कळणार? मी खाली होते.

त्यानंतरची वर्षे आठवली की अजून जीव घाबरतो. वरून पावले वाजत, पापड वाळत घातल्याच्या गप्पा ऐकू येत, आणि खाली माझ्यात गाळ चढत होता. वायू होत होता, पण त्याला जायला वाट नव्हती. तो माझ्या छताशी साचून राहिला. मी ओरडू शकत नव्हते. मी फक्त भरत होते.

१९६५ साली मुलीचे, नलूचे, साक्षगंध ठरले. वणीकडून वीस पाहुणे यायचे होते, आणि आदल्या सकाळी संडासात घाण वर आली. सदाशिवरावांचा चेहरा उतरला. त्यांनी भीमराजला बोलावून फरशी फोडून घेतली. झाकण सरकले आणि भीमराज एकदम मागे सरला.

"साहेब, नळ कुठी गेला?"

सदाशिवरावांनी सिमेंटने बुजवलेल्या जागेकडे बोट केले.

"इथं बिडी-काडी पेटवू नका. दोन दिवस हे तोंड असंच उघडं राहू द्या, कुंपण घालून. मंग वरूनच बादल्यांनी गाळ काढू. आत कोणी उतरायचं नाही."

"दोन दिवस? उद्या पाहुणे येऊन राह्यले, भीमराज."

"येऊ द्या. नागपुरात म्या डोळ्यानं पाह्यलं. एक खाली गेला तो आला नाही. त्याले पाह्याले दुसरा गेला, तोही आला नाही."

पण सदाशिवरावांना काही सुचेनासे झाले होते. त्यांनी जमनीच्या नवऱ्याला, सुकलालला, हाक मारली. सुकलालची झोपडी त्यांच्याच जागेत होती. असा माणूस नाही कसे म्हणणार? त्याने सदरा काढला, कमरेला दोर बांधला आणि माझ्या काठावर येऊन बसला. त्याचे पाय माझ्यात लोंबत होते.

मित्रांनो, माझ्यात काय साचले आहे हे मला ठाऊक होते. दोन श्वासांत तो माणूस कोसळला असता. ज्यांचे ओझे उतरवायला मी जन्माला आले, त्यांच्यातलाच एक जण माझ्या पोटात मरणार होता, आणि मला एक शब्द फुटत नव्हता.

तेवढ्यात मागच्या दाराने जमनी आली; भीमराजचे बोलणे तिने दाराबाहेरून ऐकले होते. तिने नवऱ्याला दंडाला धरून मागे ओढले आणि स्वतः माझ्या तोंडावर आडवी बसली.

"जमने, ऊठ. पाच मिनिटांचं काम आहे," सदाशिवराव म्हणाले.

"मी उठत नाही, मालक."

"पाहुण्यांनी कुठं जायचं मग?"

जमनीने जुन्या संडासाच्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाली, "जुन्या खोलीत टोपली ठेवा. दोन दिवस मी उचलतो. पण मह्या माणसाले आत जाऊ देत नाही."

भीमराजने मान फिरवली.  शेवटी सदाशिवरावांनी होकाराची मान हलवली.

साक्षगंध थाटात झाले. पाहुण्यांनी पुढच्या अंगणाची वाहवा केली. मी उघडे पडले होते. इतक्या वर्षांनी मला आभाळ दिसत होते, आणि त्या आभाळाखालून जमनी डोक्यावर टोपली घेऊन जात होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला पुन्हा झाकून टाकावे असे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी गाळ काढला. भीमराजने एक दोर सुकलालला दिला आणि दुसरा सदाशिवरावांपुढे धरला. "एक तुमी ओढा, साहेब." सदाशिवरावांनी मुकाट्याने धोतर खोचले. पहिलीच बादली वर आली ती करड्या चिखलाची. भीमराजने काडीने तो कालवून कौसल्याबाईंना दाखवला. "ही तुमच्या चुलीची राख, बाई." गाळ शेतात खड्डा करून पुरला, थोडा माझ्या बुडाशी ठेवला, आणि नळ पुन्हा उभा राहिला. राखेचा डबा नलूने स्वतःच्या हाताने उचलून नेला.

मित्रांनो, तुमच्याही घराखाली माझे एखादे भावंड असेल. त्याच्यात राख, चिंध्या, जंतू मारणारे औषध टाकू नका. त्याच्या डोक्यावर फरशी घालू नका, त्याचा नळ कापू नका. भरण्याआधीच त्याचा गाळ काढा. सुकलाल जिवंत आहे, पण त्याची किंमत त्या दोन सकाळी जमनीने डोक्यावर वाहिली, आणि ती मला कधीच फेडता येणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, झाकण उघडाल तेव्हा दोराला बादली बांधा. माणूस बांधू नका.