एकमेकांवाचून अडलेली प्लगिनं

ओट्टपालमचं वाचनालय सांभाळणाऱ्या शोभनाचेच्चीचा, म्हणजे शोभनाताईचा, फोन आला तेव्हा जसीना नुकतीच कामावरून घरी आली होती.

"हे एक प्लगिन म्हणतं, आधी दुसरं टाक. दुसरं टाकायला जावं तर ते म्हणतं, आधी पहिलं. माझी थट्टा चालवलीय का तुम्ही लोकांनी?"

जसीना दिवसा कोळिकोडच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि उरल्या वेळात गावोगावच्या वाचनालयांसाठी फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. प्रोग्राम लिहिणारे दुसरे होते. त्यांची प्लगिनं, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे भाग, नीट पॅकेजात बांधायची, कशाला काय लागतं ते नोंदवायचं, वापरणाऱ्यांसाठी माहितीचं पान लिहायचं, हे तिच्याकडे.

तिनं कोऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. चेच्चीचं खरं होतं. नावं मल्याळी वर्णक्रमानं लावणारं प्लगिन त्रिशूरच्या शिवरामन माषांचं, म्हणजे मास्तरांचं, पुस्तकांच्या देवघेवीचं लिजोचं, आणि दोघांनीही एकमेकांची अट घातलेली. जुन्या वाचनालयांत दोन्ही कधीपासूनच होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लिजो पूर्वी माषांचा विद्यार्थी, आता कोचीत नोकरीला. तो म्हणाला, "सभासदांची यादी क्रमानं लावल्याशिवाय माझं चालणारच नाही. माषांना सांग, त्यांनी त्यांची अट काढावी."

माष म्हणाले, "लिजोला सांग."

रविवारी ती बस पकडून त्रिशूरला गेली. माषांनी तिला टेबलाशी बसवलं, पुढ्यात पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, आणि चहा आला.

"माष, तुम्ही बोला, मी लिहिते. तुमच्या प्लगिनला लिजोचं कशासाठी लागतं?"

"पी. के. सावित्री. हे नाव कुठं लावशील?"

"'स' मध्ये."

"मग आधी पी. के. बाजूला काढायला हवं ना? ते काम त्याच्या प्लगिनमध्ये होतं."

"आणि आणखी?"

"आणखी काही नाही."

"एवढंच? मग तेवढा तुकडा उचलून तुमच्यात ठेवू. आत्ताच होईल."

माषांनी कपाखालची बशी उगाच सरळ केली. "तो त्यानं इथं बसून लिहिलाय. कॉलेजात होता तेव्हा. अजून त्यात काही अडलं की मला फोन करतो. एरवी त्याला कुठला वेळ असायला."

जसीनानं लिहिणं थांबवलं. तिनं आणखी एक पळंपोरी उचललं.

परतीच्या बसमध्ये तिला माषांचा थोडा रागच आला. ओट्टपालमची बाई खोळंबलीय आणि ह्यांचं हे. पण तुकडा उचलून दोन ठिकाणी ठेवणं तिलाही पटत नव्हतं. एकीकडे दुरुस्ती होते, दुसरीकडे राहून जाते, आणि मग तेच निस्तरत बसायचं. तो तुकडा वेगळा काढून तिसरं छोटं पॅकेज केलं, तर दोन्ही प्लगिनं त्याच्यावर टेकतील आणि एकमेकांतून मोकळी होतील. प्रश्न एवढाच, की ते सांभाळणार कोण.

"तूच सांभाळ," लिजो फोनवर म्हणाला.

"मी नाही. तू आणि माष. कुणीही बदल केला तरी दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं जायचा नाही."

"जसी, मला खरंच वेळ नाही गं. घरी लहान मूल आहे."

"मग तूच माषांना फोन करून सांग तसं."

लिजोनं विचारलं, "ते काही म्हणाले का?"

"तू फोन केलास की त्यांना बरं वाटतं, एवढं मला कळलं."

"वर्षभर बघतो," लिजो म्हणाला.

तिसरं पॅकेज तयार झालं. जसीनानं तिन्हींची पानं नव्यानं लिहिली आणि पुन्हा कोऱ्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिलं. या वेळी कुणी कुणाला अडवलं नाही. शोभनाचेच्चीचा फोन आला, "झालं एकदाचं. पण बटणावरची अक्षरं फार बारीक आहेत." ते काम दुसऱ्या कुणाचं होतं. जसीनानं त्याला कळवलं.

घराण्याचं नाव आधी धरायचं की नंतर, यावर माष आणि लिजोची आता मेलवर हुज्जत चालते. प्रकल्पातल्या सगळ्यांना ते मेल जातात. जसीना सुरुवातीला वाचायची, हल्ली वरवर बघते. मागच्या आठवड्यात माषांनी लांबलचक मुद्दे मांडून शेवटी विचारलं होतं, पोरीचा ताप उतरला का.

लिजोनं सगळ्यांनाच उत्तर पाठवलं होतं, की उतरला, आणि दुसरा मुद्दा मात्र त्याला मान्य नाही.