बावीस काळी फार्दिंगं

बाबूरावांची लेक नीलम तीन वर्षांनी लखनौला आली, ती चार दिवसांसाठी. म्हणायला चार, धरायचे साडेतीन, कारण रविवारी संध्याकाळची परतीची गाडी होती. भोपाळच्या बँकेतल्या पोरीला याहून जास्त रजा कोण देतं, असं बाबूराव स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. सगळ्यांना म्हणजे दूधवाल्याला आणि जगदीशबाबूंना. सांगण्यासारखं तिसरं माणूस उरलं नव्हतं.

बाबूराव मूळचे अकोल्याचे. मानक नगरात रेल्वेच्या प्रयोगशाळेत धातू तपासता तपासता उभी हयात गेली, आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ते मागच्याच गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. गावी का नाही गेलात, असं विचारलं की म्हणत, द्रौपदी इथे गेली. बायकोचं कारण खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं फार्दिंगांचं होतं.

फार्दिंग म्हणजे विलायती पेनीचा पाव हिस्सा. आपल्या चार आण्याच्या नाण्याएवढं, ब्राँझचं. गोरे शिपाई आणि रेल्वेतले साहेब खिशातून घेऊन आले, जाताना टेबलाच्या खणात विसरून गेले, आणि पन्नास वर्षांनी ती नखासच्या रविवार बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगातून निघत. अख्ख्या लखनौत त्यांचे शौकीन दोन. एक बाबूराव, दुसरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले जगदीशबाबू. दर रविवारी सकाळी जगदीशबाबू यायचे, चहा व्हायचा, अल्बम उघडायचा, मग दोघे बाजारात. आठवड्यात बाबूरावांचं पोटभर बोलणं व्हायचं ते एवढंच.

जीव अडकला होता तो काळ्या फार्दिंगांत. अठराशे सत्त्याण्णव ते एकोणीसशे अठरा, ही बावीस वर्षं टांकसाळीनेच फार्दिंग काळं करून बाहेर काढलं. कारण नवं चकचकीत फार्दिंग सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखं दिसे, आणि लबाड लोक ते सोनं म्हणून खपवत. तेव्हा तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे, नाण्याचा जन्माचा रंग. बावीसच्या बावीस वर्षांची नाणी जमवायला बाबूरावांना चौदा वर्षं लागली. शेवटचं मिळालं त्या रविवारी द्रौपदी इस्पितळात होती. तासाभरात येतो म्हणून गेलेले बाबूराव तीन तासांनी आले, तोवर सगळं आटोपलं होतं. आईच्या उशाशी नीलम एकटी होती. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त येणं सोडलं.

शनिवारी बाबूराव तिच्यासाठी मटण आणायला गेले. परत आले तर खिडकीत टॉवेलवर बावीस फार्दिंगं उन्हात वाळत पडलेली. चिंच आणि मीठ लावून घासलेली, द्रौपदी तांब्याचे हंडे घासायची तशी. सोललेल्या गाजरासारखी लालबुंद.

"बाबा, कितने गंदे थे ये," नीलम म्हणाली. "आई असती तर कधीच घासले असते. बाकीचे राहिले, टाइमच नाही मिळाला."

बाबूरावांनी मटणाची पिशवी खाली ठेवली. ते धातूचे माणूस. हा रंग आता जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणणार नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? राग आला, खोटं कशाला बोला. पण तिची बोटं चिंचेच्या पाण्याने सुरकुतली होती. ज्या नाण्यांनी शेवटच्या घटकेला बापाला पळवलं, त्यांना ही पोर कधी हात लावेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिने माफ केलं होतं, आणि सांगायला तिला हीच रीत सापडली होती.

"छान केलंस," ते म्हणाले.

संध्याकाळी जेवताना तिने पहिल्यांदाच विचारलं, यावर हा कोणता राजा आहे. बाबूरावांनी सांगितलं. भाकरी ताटात तशीच राहिली.

रविवारी नीलम चिकन भरतकामाचे कुर्ते घ्यायला अमीनाबादला गेली आणि जगदीशबाबू आले. अल्बम उघडला. पहिल्याच पानावर त्यांनी चष्मा वर सारला.

"ये किसने किया?"

नीलमने, हा एक शब्द पुरला असता. जगदीशबाबू हळहळले असते, पोरीच्या अडाणीपणाला हसले असते आणि दोस्ती शाबूत राहिली असती. पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. नीलमला भेटल्याशिवाय ते उठणारे नव्हते, आणि ती आल्याबरोबर तिला कळलं असतं. मग ती पुन्हा या घरात कशाला हात लावणार?

"मैंने," बाबूराव म्हणाले.

जगदीशबाबूंनी त्यांच्याकडे बघितलं ते दारूच्या गुत्त्यावर सापडलेल्या मास्तरांकडे बघावं तसं. तुम्ही धातूचे माणूस असून, एवढंच काहीतरी पुटपुटले. चहा तसाच ठेवला आणि बाजारात एकटे गेले.

संध्याकाळी चारबाग स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत नीलम खिडकीतून काहीबाही बजावत होती. गोळ्या वेळेवर घ्या, स्वेटर बाहेर काढून ठेवा.

पुढच्या रविवारी जगदीशबाबू आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाबूराव सवयीने दोन कप मांडायचे आणि मग एक उचलून ठेवायचे. एकदा न राहवून नखासला गेले, तर कुलपांच्या ढिगाशी बसलेल्या जगदीशबाबूंनी त्यांना पाहिलं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी घरी येऊन बाबूरावांना रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने नाण्यांपायी रडावं हे त्यांचं त्यांनाच बरं वाटेना, पण नाण्यांपायी ते नव्हतंच.

महिनाअखेरीला घरमालकांकडे नीलमचा फोन आला. डिसेंबरात चार दिवस रजा मिळतेय, म्हणाली.

"आणि बाबा, बाकीचे सिक्के ठेवलेत ना? इस बार सब एक साथ चमका दूँगी."

अल्बममध्ये इतर सालांची न घासलेली अजून एकेचाळीस फार्दिंगं होती. बाबूरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सगळे एकदम नको गं," ते म्हणाले. "दर खेपेला पाच-सहाच घास."