पाहुण्यांपासून लपवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण बैठकीतली नव्हे, न्हाणीघरातली. पांढरं प्लास्टिकचं अंग, अ‍ॅल्युमिनियमचे पाय आणि पाणी वाहून जायला बैठकीला भोकं. माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्याला कुणी 'बसा' म्हणत नाही. माझ्यावर बसणारं माणूस उघडं आणि ओलं असतं. त्यामुळे माझा सगळा जन्म ओशाळलेपणातच गेला.

कारखान्यातून मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, एका डोंगराळ गावात, लोरेटाच्या घरी आले. लोरेटाचे हातपाय जन्मापासून ताठ. तिचं अर्धं आयुष्य अपंगांच्या सरकारी संस्थेत गेलं होतं. तिथे सगळ्यांना रांगेत बसवून नळीने पाणी मारत. मग सरकारी खर्चाने रोज घरी येणारी मदतनीस मंजूर झाली आणि लोरेटा स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आली. ती मदतनीस म्हणजे ट्रूडी. रोज सकाळी येऊन ती लोरेटाला माझ्यावर बसवी. पहिल्या दिवशी कोमट पाण्याखालून लोरेटा उठेचना.

"पाण्याचं बिल काय तुझा बाप भरणार?" ट्रूडी म्हणाली.

"भरेल की. कबरीतून बाहेर येऊ दे त्याला आधी."

दोघी हसल्या. त्या दिवशी मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

मदत अजून लागते का, हे पाहायला दरवर्षी सरकारी बाई येत. आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा आला की घर लखलखीत हवं आणि आपलं रडगाणं त्याच्यापुढे गायचं नाही. लोरेटाने केस कुरळे करवून घेतले, लिपस्टिक लावली, ट्रूडीकडून सफरचंदाचा केक करवून घेतला.

"ती खुर्ची मागच्या शेडमध्ये टाक."

"अगं, तीच तर त्यांना दाखवायची."

"माझ्या घरात पाहुण्यांना न्हाणीघर दाखवत नाहीत."

शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी मी अंग चोरून उभी राहिले. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"आंघोळीचं कसं करता?" त्या बाईंनी विचारलं.

"जमतं की. देवाची कृपा."

"आणि कपडे?"

"तेही जमतात. केक घ्या ना अजून."

बाईंनी केक खाल्ला, घराचं तोंडभर कौतुक केलं. सगळं जमतंय म्हटल्यावर रोज कशाला माणूस हवं? मी न्हाणीघरात परतले, पण ट्रूडीचं येणं आठवड्यातून एकदावर आलं. लोरेटा एकटीच माझ्यावर बसायला गेली आणि पडली. मी घसरले होते. अजूनही ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. अंगाला वास येतो म्हणून तिने चर्चमध्ये गायला जाणं सोडलं. मैत्रिणी आल्या की बंद दाराआडून म्हणे, "सर्दी झालीय गं मला." शेवटी सरकारी कचेरीतून फोन आला, की एकटीला झेपत नसेल तर संस्थेत जागा रिकामी आहे. त्या दिवशी ती जेवली नाही.

मदत कमी केली त्याविरुद्ध ट्रूडीने तिला अपील करायला लावलं आणि सुनावणीला मलाही गाडीत घातलं. लोरेटाने माझ्यावर गोधडी पांघरली. टेबलापलीकडे निकाल देणारी तीन अनोळखी माणसं बसली होती. तिने स्वतःच गोधडी ओढून काढली.

"साहेब, मला एकटीला आंघोळ करता येत नाही. संडासला गेल्यावर स्वतःला पुसताही येत नाही. त्या बाईंना मी खोटं सांगितलं. लाज वाटली मला."

साहेब मान वर न करता लिहीत राहिले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला आणि ट्रूडी पुन्हा रोज येऊ लागली. पण सुनावणीच्या दिवशी बाहेर पडताना बाकाजवळ जे पाहिलं, ते काही मनातून जात नाही. चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा पुढच्या नंबराची वाट पाहत होते. अंगात कडक इस्त्रीचा सूट. आजी त्यांचा टाय नीट करत होत्या. लोरेटा थांबली.

"आजी, सोडा तो टाय. आत जाऊन सगळं जमतं म्हणू नका."

"अहो, चारचौघांत कसं सांगायचं ते?" आजी पुटपुटल्या.

"मी आत्ता तेच करून आले."

आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि टायची गाठ सोडली. आजोबांनी मान खाली घातली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी त्या टेबलापलीकडे बसेल. स्वतःच्या घरात राहता यावं एवढ्यासाठी कुणाला अशी मान खाली घालावी लागणार नाही, एवढं बघा.