सेनेगलचा कळप

चराईचं रान बंगल्यांच्या कुंपणात गेलं, तेव्हा पिराजीनं मेंढरं विकली. मेंढरं काय सिमेंट खाणार? आता तो कासार आंबोलीतल्या एका बंगल्यावर राखण करायचा. सोबतीला उरला होता म्हातारा कुत्रा वाघ्या, तोही फाटकाशी साखळीला.

बंगल्यातल्या भाडेकरू पल्लवीताईंना देशोदेशीची गाणी ऐकायचा नाद. त्या दुपारी त्यांनी अंगणात स्पीकर लावला. आधी बासरी वाजली, मग शेकडो खुरांचा आवाज, गळ्यांतल्या घंटा आणि लांबून घातलेली हाळी. पिराजीच्या हातातला झाडू थांबला.

"ताई, ह्यो कंच्या गावचा धनगर?"

"आफ्रिकेतला, मामा. सेनेगलचा. पाण्यासाठी महिनोन् महिने चालतात ही माणसं."

"म्हंजी आमीच की वो!" कितीतरी दिवसांनी पिराजी हसला. वाघ्या साखळीला हिसके देत होता. पिराजीनं ती सोडली. "ऐक लेका, पाव्हणं आल्यात. ताई, जरा मोठ्यानं लावा."

वाघ्यानं स्पीकरकडं पाहिलंसुद्धा नाही. कळप निघाला की आधी रस्त्यात उभं राहून गाड्या अडवायच्या, ही त्याची जन्माची चाकरी. तो फाटकातून धावला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. डंपर थांबला नाही.

पिराजीनं त्याला घोंगडीत उचलून आणलं. अजून धाप होती. ताई रडत स्पीकर बंद करायला वळल्या.

"ऱ्हाऊ द्या," पिराजी म्हणाला. "समदी मेंढरं पल्याड गेल्याबिगर त्यो डोळं मिटायचा न्हाई."