लक्झेंबर्गचं बंद दार

विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या कोर्टातून एडिनबरोच्या अंतिम फेरीला एकच जण जाणार होता. शेटलंड बेटांवरून ॲबरडीनला कायदा शिकायला आलेल्या इंगाने त्यासाठी झोप उडवून घेतली होती. मासळीच्या कारखान्यातल्या कामगाराला रजेच्या पगारात जादा कामाचा मोबदला धरायचा की नाही, असा खटला.

मागच्या बाकावर उना गेडिस जीव मुठीत धरून बसली होती. युरोपचा कायदा तीच शिकवायची. देश युरोपीय संघातून बाहेर पडला, तसा तिचा विषय ऐच्छिक झाला. वर्ग ओस पडत चालला होता. इंगा मात्र टिकून होती.

"माय लॉर्ड, नियमाचा अर्थ संदिग्ध आहे," इंगा म्हणाली. "हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवावा."

हशा पिकला. "जा, तूच बोटीने जाऊन विचारून ये!" कुणीतरी ओरडलं.

इंगाचे कान लाल झाले. 'अडलं की लक्झेंबर्ग' हे उनाचंच शिकवणं. देश संघातून बाहेर पडल्यावर तो रस्ता बंद झाला, तरी फळ्यावरचा हात जुन्या सवयीने ते लिहीतच राहिला होता.

ती उठली. "चूक माझी आहे. मीच तसं शिकवलं."

"खाली बसा, बाई. आज आरोपी तुम्ही नाही," न्यायाधीश झालेले निवृत्त वकील मॅकफी म्हणाले. मग इंगाकडे वळले. "पोरी, ते दार बंद झालं. आता निकाल मलाच द्यायचाय. सांग, काय देऊ?"

इंगाने कागद बाजूला सारले. "कामगार रजेवर गेला, म्हणून त्याचं घरभाडं रजेवर जात नाही, माय लॉर्ड..."

ती छान बोलली. तरी एडिनबरोला नाव लागलं समोरच्या बाजूने लढलेल्या फर्गसचं. खऱ्या कोर्टात अशिलाला अशी चूक महागात पडते, असं मॅकफी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

जिन्यात उनाने तिला गाठलं. "इंगा, माफ कर."

"तुमच्या भरवशावर उभी होते मी." तिने बाहीने नाक पुसलं. "आता उरलेल्या तासांना काय शिकवणार?"

"खरं सांगू? मलाही नीट माहीत नाही. जुने निवाडे वाचू. पुढचं उत्तर आपलं आपणच शोधायचं."

"तुम्हीसुद्धा चाचपडणार?"

"हो."

इंगाने बॅग खांद्यावर टाकली. "मग मंगळवारी येते. पण तो फळा आधी पुसून ठेवा."