निजवलेली जमीन

जया पाळण्यात आहे तोवर लिहून घेते. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आहे. पाय हलतो, दौत हलत नाही, एवढं आता साधलंय.

खाडीकडच्या माळावर मुनशिपालटीनं साहेबलोकांसाठी चेंडूचं मैदान केलं, त्याला तीन वर्षं झाली. वाकड्या काठीनं पांढरा चेंडू टोलवत न्यायचा आणि दूर निशाणापाशी वाटीएवढ्या खळग्यात पाडायचा, असा तो खेळ. अशी नऊ निशाणं. प्रत्येकाभोवती मातीचं रिंगण, सारवलेल्या खळ्यासारखं गुळगुळीत. ती राखतो बाळकुमचा काळुराम. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस.

सव्वा वर्षाची झाली तरी जया उभी राहत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "उंबऱ्याउंबऱ्याला अडतं पोर. मोकळ्यावर सोड जरा." म्हणून दुपारी, साहेब बंगल्यात असताना, जयाला तेल लावणाऱ्या आवडाबाईच्या सोबतीनं मी माळावर जाऊ लागले. घरात सगळे तास दुसऱ्यांचे. हा एक माझा.

पहिल्या दिवशी काळुराम एका रिंगणात पावलाला पाऊल लावून गोल गोल फिरत होता. डोळे अर्धे मिटलेले.

"काळुरामदादा, हे काय चाललंय?"

"जमीन निजवतंय, बाय. मिठागरान पन असाच. हातानं नाय, पायानं. दमानं."

"आणि जागी झाली म्हंजे?" आवडाबाईनं खोचकपणे विचारलं.

"मंग ररते. भेगा परतान तिला."

"जमीन रडते म्हणे, भेगा पडतात!" आवडाबाई हसली. मी मात्र पाय पसरून जयाला पायांवर घेतलं होतं, तिला हलवत होते. खाडीचा वारा, ऊन पातळ झालेलं, आणि त्याचं पाऊल नि माझा पाय एकाच लयीत. आधी कोण निजलं, जया की जमीन, ते मला कळलं नाही.

भाद्रपदात एके संध्याकाळी इकडून कचेरीतून येणं झालं ते आठ्या घालूनच. इकडे मैदानाच्या कमिटीचं चिटणीसपण आहे.

"साहेब खेळतात कार्तिक ते फाल्गुन," इकडून सांगणं झालं. "बाकीचे महिने माळ रिकामा, म्हणून कुंपण घालून कुलूप लावायचं म्हणतात. बारमाही उपयोग दाखवा, मग उघडा ठेवू. आता काय दाखवू, डोंबल?"

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. त्या कुलपाच्या आत माझा तास जाणार होता, आणि जयाचे पाय.

"मी सांगू?"

"सांग बाई. माळाची मालकीण तूच तर."

मी डोळे मिटले, आणि माळ आपला आपण पुढे आला. चैत्रात निशाणांच्या मधे वाळणाऱ्या कुरडया, त्यांवर राखण करणाऱ्या म्हाताऱ्या. ज्येष्ठात पसरलेली सरपणं. नागपंचमीला कडेच्या आंब्याला झोके, गौरींसाठी तेरडा, गाईंना गवत. थंडीत साहेब गेले की फेऱ्या घालणारे पेन्शनर, एकमेकांची दुखणी ऐकत. मी सांगत होते, इकडची लेखणी करकरत होती.

"दसरा ते दिवाळी?"

"तेव्हा कुणी जायचं नाही."

लेखणी थांबली.

"ओल उतरत असते. काळुराम तेव्हा सगळी रिंगणं नव्यानं निजवतो, त्यानंच सांगितलंय. एक टाच पडली तरी वर्षभर तिथं खड्डा."

"म्हणजे तूही नाहीस?"

जया लिहायच्या मेजाचा पाय धरून गुडघ्यांवर उठत होती. दोन दिवसांपासूनच उठू लागली होती. आताच तर तिला माळ हवा होता.

"मीही नाही."

"मग हे वीस दिवस गाळू. बारमाही म्हणून खपून जाईल."

"गाळू नका. लिहा."

सभेत एक मेंबर हसले म्हणे, "उघडं ठेवा म्हणताना बंदचे दिवस सांगणारा हा पहिलाच!" पण त्या वीस दिवसांवरच सगळ्यांचा विश्वास बसला, असं इकडून ऐकलं. कुलूप टळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही माळाच्या कडेला उभ्या राहिलो. आत जायचं नव्हतं. जया दोन्ही हात पुढे करून रडू लागली.

काळुराम जवळच्या रिंगणातून आला. "आना तिला."

"अहो, पण मीच सांगितलंय, कुणी नाही म्हणून."

"खलग्याचे कडंला माजा पाय भारी परतो, बाय. थय हलका पाय पायजे."

"बाई गं! पोरीला कामाला लावतोय मेला!" आवडाबाई म्हणाली, पण जयाला तिनंच पुढे केलं.

त्यानं दोन बोटं खाली धरली. जया ती धरून उभी राहिली. डुलली. एक पाऊल ठेवलं, मग दुसरं. खळग्याला वळसा घालताना एक बोट सुटलं, मग दुसरंही, आणि ती तशीच तीन पावलं गेली. मी कडेला अनवाणी उभी. पाय आपोआप उचलला होता, तो मी परत मागे ठेवला.

ती त्याच्या धोतराला जाऊन बिलगली, तेव्हा मी कडेवरूनच वाकून त्या ओल्या मातीवर तिची पावलं शोधली. कुठंच उमटली नव्हती. जमीन जागी झाली नव्हती.