शीड आखडायला लागतो तेवढा वेळ

मामाला बुडवायचं नव्हतं मला. बुडाला असता तर चार लोक हळहळले असते. मला त्याच्या तोंडून खरं काढायचं होतं, आणि तेही आईसमोर.

माझा धाकटा भाऊ मामाच्या नावेवरून पडून समुद्रात गेला त्या दिवशी दवाखान्यात मामाजवळ मी एकटीच होते. तेव्हा तो बोलून गेला, "वारा चढला तसं तो म्हणाला, शीड आखडू या. मी त्याला भित्रा म्हणालो गं." महिनाभरात कहाणी फिरली. आता भेटेल त्याला सांगायचा, "पोरानं धांदल केली, हात सुटला." करून सवरून नामानिराळा! आईलाही ते पटलं. भाऊच तो तिचा. गेलेल्या लेकराला बोल लावत ती रडायची, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून मी मामाला माझ्या नावेवर बोलावलं. "चार गोष्टी शिकव ना," म्हटलं. अक्कल शिकवायची म्हटल्यावर तो तापातूनही उठून आला असता.

दुपारनंतर वारा वाढण्याचा अंदाज होता, तीच दुपार मी निवडली. तयारीत मात्र कसर ठेवली नाही. पाणी उपसायचा पंप चालवून पाहिला, नावेची झाकणं लावली, सुटं सामान बांधलं, परतायची वेळ बंदरात कळवली. लाइफ जॅकेट पुढे केलं तर मामा हसला, "आजीबाई झालीस की!" मी त्याला ते घालायला लावलं, त्याच्या कमरेचा दोर कडीत अडकवला आणि ओढून पाहिला.

वारा आला. नाव कलली, पाणी काठावरून आत उडू लागलं. सुकाणू माझ्या हातात होतं. मामानं दोन्ही हातांनी काठ धरला. ही नाव किती सोसते ते मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

"शीड..." तो पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"आखड ना गं! भीती वाटतेय मला!"

"भित्रा," मी म्हणाले.

मग नाव वाऱ्याकडे वळवली, शीड धरणारा दोर सैल सोडला, दुसरा खेचून पक्का केला. शीड लहान झालं, नाव सावरली. मला जागेवरून उठावंही लागलं नाही.

मामा त्या शिडाकडे बघतच राहिला. "एवढंच?"

"एवढंच."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "तुझ्या आईला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," मी नाव घराकडे वळवत म्हणाले. "तू सांगशील."